पोटरी, साबण आणि जनरेटरमागची कुत्री

रविवार

देशपांडेकाका, सी-२०४ (सकाळी ६.५२): कमिटीच्या माहितीसाठी. आत्ता दूध आणायला निघालो असता जनरेटरच्या खोलीजवळ त्या तांबड्या कुत्रीने माझी पोटरी धरली. चार वर्षं रोज तिच्यासमोरून जातोय, कधी गुरगुरलीसुद्धा नाही. पँट फाटलेली नाही. किरकोळ आहे, पण दखल घ्यावी.

नीलिमाकाकू, ए-३०१: अगंबाई! काका, आधी हळद भरा. आमच्याकडे गावाला चुना लावायचे.

डॉ. मृदुला, बी-५०१: हळद नको, चुना नको, तिखट तर अजिबात नको. काका, पँट वर करून बघा. रक्त आलंय?

देशपांडेकाका: दोन टिपके दिसताहेत. एकातून जरासं आलंय. पण पँट शाबूत आहे.

डॉ. मृदुला: पँट शाबूत राहते, दात आत लागतात. आता फोन काकूंकडे द्या आणि बाथरूमच्या नळाखाली पाय धरा. अंगाचा साबण चालेल. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. वाहत्या पाण्याखाली, बादलीत पाय बुडवून नाही. वर पट्टी बांधू नका, टाकेही घालायचे नसतात.

देशपांडेकाका: मी काकू बोलतेय. हे बसलेत नळाखाली. सात मिनिटं झाली. पाणी वाया जातंय म्हणून कुरकुर चाललीय.

डॉ. मृदुला: टँकरचे पैसे मी देते. अजून आठ.

प्रकाश, ए-१०४: सहा महिने ओरडतोय मी या ग्रुपवर. आज काका, उद्या कुणाचं पोर. गाडी बोलवा आणि उचलून न्या सगळी.

ऋचा, ए-४०३: प्रकाशदादा, ती गुरुवारी रात्री व्यालीय. जनरेटरच्या मागे, जुन्या फ्लेक्सखाली पाच पिल्लं आहेत, डोळेही उघडले नाहीत अजून. काका नेमके तिथून गेले. कुठलीही आई तेच करेल.

प्रकाश: आणि ती तिथेच का व्याली? रोज संध्याकाळी तिथे दूधपोळी कोण ठेवतं?

सचिन (सेक्रेटरी), ए-१०२: भांडण नंतर. काकांना घेऊन मी निघतोय. मृदुलाताई, कुठे नेऊ?

डॉ. मृदुला: महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. रक्त आलंय, म्हणून लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागेल, ते तिथे आहे का हे फोन करूनच निघ. लस अंगात काम करायला लागेपर्यंत काही दिवस जातात, तेवढे दिवस त्या दुसऱ्या इंजेक्शनचा आधार. लोक नेमकं तेच टाळतात, कारण जखमेतच टोचतात आणि दुखतं.

देशपांडेकाका: पाय धुऊन झाला. पण माझा लहान भाऊ शाळेत असताना त्याला पोटात चौदा दिली होती. या वयात मला ते जमणार नाही.

डॉ. मृदुला: काका, ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, ती कधीच बंद झाली. आता दंडावर कातडीत दोन छोटे टोचे, चार वेळा. आज, बुधवारी, पुढच्या रविवारी, आणि मग आजपासून अठ्ठाविसाव्या दिवशी. बस.

ऋचा: तिला मागच्या वर्षी लस दिली होती, मीच धरलं होतं.

डॉ. मृदुला: कागद आहे?

ऋचा: नाही गं. कॅम्प होता.

डॉ. मृदुला: मग धरून चालायचं की नाही दिली. दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेव. खाणंपिणं सोडलं, लाळ गळायला लागली, चाल बिघडली, तर लगेच कळव, जवळ जाऊ नकोस. पण काकांनी दहा दिवस वाट बघत बसायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून आधी लस, मग चर्चा.

अमोल, बी-२०२: मी सायकलवाला असल्याने या विषयात माझी पीएचडी आहे. दोनदा पळालो, दोनदा पॅंट गेली. पळालं की ती मागे येणारच. आता मी सायकल थांबवतो, उतरतो आणि सायकल मध्ये आडवी धरतो. हात छातीशी, नजर जमिनीवर, तोंडाने चकार शब्द नाही. मग एकेक पाऊल मागे, पाठ न फिरवता. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात त्यांचा इंटरेस्ट जातो. स्कूटरवाल्यांनी पाय वर घेऊन ॲक्सिलरेटर पिळायचा नाही, उलट हळू करायचं. पाय वर घेतल्यावर तोल जातो, आणि कुत्र्यापेक्षा डांबर जास्त लागतं.

प्रकाश: नुसतं वाकलं तरी पळतात. दगड उचलल्यासारखं करायचं, लहानपणापासून तेच करतोय.

अमोल: उनाड कुत्रं पळेलही. व्यालेली पळत नाही, अंगावर येते. आणि वाकलात की तुमचं तोंड तिच्या उंचीला जातं. काकांसारखी काठी, छत्री, दुधाची पिशवी जे असेल ते मध्ये धरायचं. मारायचं नाही, फक्त मध्ये. आणि पडलातच तर गुडघे पोटाशी, मूठ वळून हात मानेवर आणि कानांवर.

मेधा, सी-५०३: हे सगळं पोरांना कोण शिकवणार? माझा अर्णव कुत्रं दिसलं की किंचाळत धावत सुटतो.

डॉ. मृदुला: आज संध्याकाळी बागेत खेळ म्हणून शिकवूया. "झाड हो" म्हटलं की हात जवळ, तोंड बंद, हालायचं नाही. आणि घरी एक सांगा: चावलं, नुसतं ओरखडलं, तरी सांगायचं, ओरडा बसणार नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा चौथ्या दिवशी आला. कुत्र्याला बिस्किट द्यायला गेला होता, घरी मार बसेल म्हणून गप्प. मुलांना चेहऱ्यावर, डोक्यावर चावतात, तिथून मेंदू जवळ.

सचिन (दुपारी १२.२०): काकांचं पहिलं झालं. जखमेतलंही झालं. काका "हाय" म्हणाले, बाकी ठीक. आता प्रकाश, उचलून न्यायचं. मी वाचलंय. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं होतं तिथेच परत सोडायचं. सुप्रीम कोर्टानेही २२ ऑगस्ट २०२५ ला तेच म्हटलंय, रेबीज झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री वगळून.

प्रकाश: आक्रमकच आहे की. काकांना विचार.

ऋचा: पिल्लांपाशी गेलं म्हणून चावली. त्याला आक्रमक म्हणायचं का?

प्रकाश: काकांच्या पोटरीला व्याख्या कळत नाही.

(इथे अठरा मेसेज झाले. ते सगळे पुन्हा वाचण्यासारखे नाहीत.)

सचिन: पुरे. त्याच नियमांत हेही आहे की खायला घालायची जागा सोसायटीने ठरवायची, मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब. म्हणजे ऋचा, तू घालू शकतेस, पण जनरेटरपाशी नाही. तो आपला दूधवाला, कामवाल्या मावश्या, सगळ्यांचा रस्ता आहे.

ऋचा: मान्य. मागची कंपाउंड भिंत, पंपहाउसच्या पलीकडे. पण आज लगेच हलवलं तर ती पिल्लं सोडून तिकडे येणार नाही. रोज ताटली दहा-दहा पावलं पुढे सरकवते.

प्रकाश: आणि पिल्लं?

ऋचा: अंगावर पितात तोवर तिचं ऑपरेशन करत नाहीत. दोनेक महिन्यांनी आईचं करून घेऊ, पिल्लांना घरं शोधू. तू एक घे.

प्रकाश: माझी बायको मला हाकलेल.

सचिन: रखवालदार भाऊंनी सी विंगचा जुना दरवाजा जनरेटरच्या बोळाला आडवा लावलाय. खाली वीतभर फट ठेवलीय, ती येते-जाते. सगळ्यांनी ए विंगच्या बाजूने जायचं. आणखी एक, त्या कोपऱ्यातली ओल्या कचऱ्याची बादली कोणीतरी उघडी ठेवतं. कोण ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही.

नीलिमाकाकू: मी नाही हं.

बुधवार

देशपांडेकाका (सकाळी ८.१०): दुसरा डोस झाला. जखम सुकते आहे. आज दूध आणायला ए विंगकडून गेलो, तीनशे पावलं जास्त पडली, मोजली. येताना दरवाज्याच्या फटीतून बघितलं. ती झोपली होती, पिल्लं तिच्या पोटाला चिकटून. माझ्याकडे बघून कान हलवला, बाकी काही नाही.

डॉ. मृदुला: काका, फटीतून वाकून बघू नका. अमोलने काय सांगितलं?

देशपांडेकाका: उभ्यानेच बघितलं. दोन हात लांबून. काठी मध्ये होती.

ऋचा: काका, पिल्लं आता सहा आहेत. एक मागे फ्लेक्सच्या घडीत राहिलं होतं.

प्रकाश: झालं. आणखी एक.

देशपांडेकाका: रविवारी तिसरं इंजेक्शन. सचिन, नऊ वाजता येशील का? एकट्याने जायला सांगितलं तर मी चुकवेन, हे माझ्या सौभाग्यवतींचं मत आहे.