जुन्या पत्र्याच्या चावीच्या इंजिनाला एआर (मोबाइलच्या कॅमेऱ्यात खऱ्या वस्तूवर दिसणारं आभासी चित्र) जोडायचंय, मार्कर कुठे लावावा?

ढोकी_ते_लातूर
चावीचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन आहे, छापील पत्र्याचं, लांबी २४ सेंमी. बाहेरची छपाई बरीचशी शाबूत, आतून गंज. लातूरला शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचंय. मोबाइल धरला की धुराड्यातून धूर निघावा आणि बार्शी लाइट रेल्वे या जुन्या नॅरोगेज रेल्वेचा कुर्डुवाडी-बार्शी-लातूर मार्ग उजळावा, एवढंच हवंय. माइंडएआर (चित्र ओळखणारी लायब्ररी) आणि ए-फ्रेम (वेब पानावर त्रिमितीय दृश्य मांडणारी) वापरतोय. इंजिनाच्या बाजूचा फोटो टार्गेट (मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र) म्हणून दिलाय, पण कधी ओळखतं, कधी नाही. दाराजवळच्या उजेडात तर अजिबात नाही. ओळखलं तरी धूर थरथरतो. इंजिनावर क्यूआर चिकटवू का? आणि गंजाला व्हिनेगर चालेल का?

तेलाचा_थेंब
व्हिनेगर नको. छपाईवरच्या बारीक ओरखड्यांतून आम्ल आत शिरतं आणि शाई पापुद्र्यासारखी सुटते. थिनर, ॲसिटोनही नको. बाहेरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसा: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाऊण कप, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. आपल्याकडचं बोअरचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. बोळ्यावर रंग उतरायला लागला तर तिथेच थांबा.

आतल्या गंजाला शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, मग चार शून्याच्या स्टील वूलने हलक्या हाताने घासा. कोरडं पॉलिश पेपर मारू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याच कारणाने मुलांच्या हातातही देऊ नका.

खोलण्याआधी चावी पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोट कापतं. जोडाच्या जिभल्या लागतील तेवढ्याच उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या वाकवणीत पत्रा कडक होऊन तुटतो आणि मूळ जोड कायमचा जातो. वरून चकचकीत लॅकर मारू नका, चमक वाढली की कॅमेऱ्याचं आणखी बिघडेल.

मुरूड_नॅरोगेज
इंजिनावर काहीच चिकटवू नका. क्यूआर काढताना गोंदासोबत छपाई येते आणि ती परत मिळत नाही. बाजूचा फोटो चालत नाही कारण माइंडएआर टार्गेटला सपाट चित्र धरतं आणि तुमचा बॉयलर गोल आहे. त्यात पत्र्यावरची चकाकी मोबाइल हलला की जागा बदलते, दारातल्या उन्हात तर छपाईच पुसल्यासारखी होते.

इंजिनामागे उभा फलक ठेवा आणि त्यालाच टार्गेट करा. आडवा ए-थ्री, मॅट कागद, ५ मिमी सनबोर्डवर. ग्लॉसी लॅमिनेशन अजिबात नको. टेबलावर आडवं चित्र ठेवलंत तर मुलं ते फार तिरपं बघतील आणि पकड सुटेल.

फलकावर मार्गाचाच नकाशा काढा. बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड, लातूर ही नावं ठसठशीत लिहा, अक्षरांचे कोपरे ट्रॅकरला (चित्र ओळखून त्याची जागा धरणाऱ्या भागाला) पकड देतात. खाली ‘रुळाची रुंदी ७६२ मिमी’ आणि ‘लातूरपर्यंत १९११’ हे घाला. मोकळं आकाश टाळा. रुळाखालचे स्लीपरही एकसारखे ओळीने काढू नका, तीच नक्षी पुन्हा पुन्हा आली की ट्रॅकर जागा चुकतो.

मोजमाप असं: फलकाची रुंदी ४२ सेंमी म्हणजे १ एकक, मूळ बिंदू फलकाच्या मधोमध. धुराडं मध्यापासून ९ सेंमी डावीकडे, ६ सेंमी खाली आणि फलकापासून ८ सेंमी पुढे असेल तर जागा (आडवी, उभी, पुढे या क्रमाने) उणे ०.२१, उणे ०.१४, ०.१९. इंजिन फलकापासून हललं की हे सगळं चुकतं, म्हणून बैठकीवर चाकांसाठी खाचा करा.

थरथर उरली तर माइंडएआरच्या सेटिंगमधलं फिल्टरमिनसीएफ ०.००१ वरून ०.०००१ करा. धूर मागे रेंगाळायला लागला तर फिल्टरबीटा वाढवा.

ढोकी_ते_लातूर
फलक जमला, दादा, पकड पक्की आहे. पण केबिनच्या मागे जायला हवा तो धूर केबिनवरच दिसतो. आणि तळाला एनएफसीचं स्टिकर (मोबाइल जवळ नेला की पान उघडणारा टॅग) लावलंय, ते एकाही मोबाइलवर वाचलं जात नाही.

मुरूड_नॅरोगेज
ए-फ्रेमच्या दृश्यात केबिन आणि बॉयलरच्या मापाचे एक ठोकळा, एक नळकांडं मांडा. मटेरियलचं कलरराइट (रंग काढणं) बंद, डेप्थराइट (खोलीची नोंद) चालू, आणि रेंडरऑर्डर (काढण्याचा क्रम) धुराच्या आधी. ठोकळे दिसणार नाहीत, पण मागचा धूर झाकतील. ते इंजिनापेक्षा २ मिमी लहानच ठेवा, नाहीतर कडेने धूर कापल्यासारखा दिसतो.

एनएफसीचं कारण पत्रा. टॅगच्या अँटेनाजवळ धातू आला की त्यात उलट प्रवाह फिरतो आणि टॅगला पुरेशी शक्तीच मिळत नाही. फेराइटचा थर असलेला ऑन-मेटल (धातूवर चालणारा) टॅग घ्या, किंवा साधा टॅग लाकडी बैठकीच्या पुढच्या कडेला, पत्र्यापासून लांब लावा. पानाचा वेब पत्ता साठवायला एनटॅग २१३ जातीचा टॅग पुरतो, १४४ बाइट असतात. एनएफसी नसलेल्या मोबाइलसाठी क्यूआर फलकाच्या कोपऱ्यात छापा.

अजून एक. पान एचटीटीपीएसवरच (सुरक्षित वेब पत्त्यावर) ठेवा. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवरून साध्या आयपीने उघडलं तर ब्राउझर कॅमेराच देत नाही. लायब्ररीच्या फाइलीही त्याच ठिकाणी ठेवा आणि धुराचं जीएलबी (त्रिमितीय मॉडेलची फाइल) धरून सगळं मिळून ४ एमबीच्या आत बसवा. वर्गात चाळीस मोबाइल एकदम लागले की नेट तिथेच अडतं.