सगळेच मोडतात म्हणून कायदा मेला का?

धुऱ्यावरून:
गावच्या ग्रुपवर काल एक लांबलचक पोस्ट फिरली. सार एवढंच की अमेरिकेत एक कोटीच्या वर माणसं बिनकागदाची राहतात, इतक्या जणांनी मोडलेला कायदा मेलाच, आता धरपकड म्हणजे मढ्याला सलाईन. खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर दिलं की ॲडमिन हाकलतो, म्हणून इथं लिहितो.

अंगठे देणारे हेच लोक जानेवारी 2025 मध्ये काय म्हणत होते? महाराष्ट्रात बांगलादेशींना उशिरा नोंदीचे जन्मदाखले दिल्याच्या आरोपांचं प्रकरण निघालं, सरकारनं दाखले थांबवले, एसआयटी बसवली, तेव्हा यांचं "एकेकाला उचला" चालू होतं. पुढच्याच महिन्यात, 5 फेब्रुवारीला, अमेरिकेनं 104 भारतीय बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, तर यांच्या डोळ्यात पाणी. आपला गेला तर पोटासाठी, दुसऱ्याचा आला तर घुसखोर.

आणि माफीचा प्रयोग अमेरिकेनं करून पाहिलेला आहे. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगनच्या सहीनं कायदा झाला. आधीच राहणाऱ्यांना कागद द्यायचे, आणि यापुढं बिनकागदाचा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. सुमारे 27 लाख लोकांना कागद मिळाले. दंडाचं काय झालं? कार्ड वरवर खरं दिसलं की मालक सुटला. नकली कार्डांचा धंदा फोफावला आणि 2007 पर्यंत आकडा 1 कोटी 20 लाखांवर गेला. एकदा माफ केलं की मागच्याला निरोप जातो, या, पुढंमागं होईल कायम.

माझा भाचा तिथं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. दरवर्षीच्या कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यात आपली गर्दी. त्यानं एकही फॉर्म चुकवला नाही. त्याला कोणी अंगठा देत नाही.

वऱ्हाडी झटका:
भाऊ, लय कायदा शिकवू रायले. तुमच्या वावरात यंदा कोणतं बियानं हाये थे सांगा पहिले.

धुऱ्यावरून:
विषय अमेरिकेचा आहे.

वऱ्हाडी झटका:
विषय सगळ्याईनं मोडलेल्या कायद्याचा हाये, तुमीच काढला. तुमचा रेगनवाला कायदा 1986 चा, आन आमचा पर्यावरणवालाही 1986 चाच. चोर बीटी, म्हंजे परवानगी नसलेलं, तननाशकानं न मरनारं कापसाचं बियानं, लावली तं 2024 लोक कागदावर पाच वर्षं जेल आन एक लाख दंड होता. तो खरोखर चालवला असता तं आमच्या गावात गनपतीच्या आरतीले मानूस उरला नसता.

निंदनाले 300 रुपयानंही बाई भेटत नाई. पाऊस लागून रायला का डवरन होत नाई, गवत पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) वर जाते. तननाशक मारलं का दोन दिवसात रान साफ. 10 जून 2019 ले अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरले शेतकरी संघटनेनं दिवसाढवळ्या हेच चोर बियानं, एचटीबीटी, लावलं. गुन्हे झाले. पेरा थांबला का?

पांढरं सोनं:
झटकाभाऊ बरोबर बोलले. आज जी साधी, अळी मारणारी बीटी कायदेशीर आहे तीही चोरूनच आली होती. 2001 मध्ये गुजरातेत "नवभारत 151" हे बिनपरवाना बीटी बियाणं सापडलं, दिल्लीतून उभं पीक जाळायचे आदेश निघाले, शेतकरी आडवे झाले. मार्च 2002 मध्ये बीटीला परवानगी! कायदा लोकांच्या मागं लंगडत येतो. अमेरिकेतही येईल.

मास्तर (निवृत्त):
अर्धी गोष्ट सांगू नका. त्याच बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर बीटीची पुडी यायची. कडेनं लावायची, म्हणजे अळीला आसरा राहील आणि बीटी पचवणारी अळी तयार होणार नाही. किती जणांनी लावली? माझ्या भावानं पुडी धुऱ्यावर फेकली. मी विचारलं तर म्हणतो, कोणीच लावत नाही, मी एकट्यानं चार तासं कायले वाया घालू? 2017 ला बोंडं फोडली तेव्हा आत गुलाबी अळी. सगळ्यांनी मोडला म्हणून तो नियम चुकीचा नव्हता. कोणी तपासायलाच आलं नाही, एवढंच.

वऱ्हाडी झटका:
मास्तर, बोंडअळी फरदडीनं आली. फेब्रुवारी-मार्चलोक पऱ्हाटी उभी ठेवली म्हून. पुडीचं काय घेऊन बसले!

मास्तर (निवृत्त):
फरदड घेऊ नका हेही सांगितलंच होतं की. तेही कोणी ऐकलं नाही. म्हणजे दोन नियम मोडले, माझाच मुद्दा झाला.

वऱ्हाडी झटका:
एक तारखेले पेन्शन जमा झाली का मुद्दे लय सुचतात. एक हंगाम वावरात काढून दाखवा.

मास्तर (निवृत्त):
बत्तीस वर्षं शाळा सुटल्यावर वावरातच जात होतो. तुझे वडील मला ओळखतात. तोंड सांभाळून बोल.

पांढरं सोनं:
मास्तर, राग आवरा. पण पुढचंही सांगा ना. पुडी कोणी लावत नाही म्हटल्यावर शेवटी बिगर बीटीचं बी त्याच पाकिटात मिसळून द्यायला लागले. आता फेकायची सोयच नाही. म्हणजे नियमच बदलावा लागला!

मास्तर (निवृत्त):
बदलला, गुंडाळला नाही. हा फरक कळत असेल तर बरं.

माहेर पुसद:
तुम्ही सगळे कापसातच अडकलात. मी दोन गोष्टी सांगते, दोन्ही घरातल्या.

माझा भाऊ दुबईकडं गेला तो व्हिसा संपल्यावरही राहिला. मालकाला माहीत होतं, म्हणूनच मालकानं सात महिन्यांचा पगार दाबला. तक्रार कुठं करणार? ठाण्यात गेला तर आधी हाच आत. 2024 च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारनं मुदत दिली, दंड नाही, परत यायला बंदी नाही, तेव्हा बिचारा घरी आला. पगार तिकडंच.

दुसरी यांच्या वावरातली. गेल्या साली यांनी रात्री दोन पाकिटं आणली, बिनबिलाची. तीन एकरांत चार-दोन ठिकाणी उगवलं. दुकानदाराकडं गेलो तर म्हणतो, कोणतं पाकीट? मी तर असं बी ठेवतच नाही. सरकारी दराचं पाकीट घेतलं असतं तर बिल दाखवून पंचनामा तरी मागता आला असता.

कायदा मेला म्हणता ना? मालकासाठी आणि दुकानदारासाठी मेला असेल. माझ्या भावाला तर तो रोज रात्री दारात उभा दिसायचा. अंमलबजावणी करायचीच असेल तर त्या वरच्या माणसापासून करा, मग मी तुमच्या बाजूनं.

धुऱ्यावरून:
ताई, मालकाला दंड हवा हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचलं असतं तर बरं झालं असतं.

माहेर पुसद:
वाचलं. एक ओळ मालकावर आणि सगळा राग रांग मोडणाऱ्यावर. तेही वाचलं.

मूलचेरा लाइन:
आमच्या गडचिरोलीतून थोडं. इथं चामोर्शी-मूलचेऱ्याकडं बंगाली कॅम्प आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना सरकारनंच जमीन देऊन वसवलं. त्यांची नातवंडं आज माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात, तरी दाखल्याची बातमी आली की लोक त्यांच्याकडं बोट दाखवतात.

आणि कोणाला कायम करायचं हे सगळीकडं तारखेवरच ठरतं, त्या तारखेआधीचा असाल तर कायम. वनहक्काला 13 डिसेंबर 2005. मुंबईच्या झोपडीला आधी 1995, मग 2000, मग 2011. अमेरिकेतही अशी तारीख आहे, 1 जानेवारी 1972 च्या आधीपासून राहत असाल तर अर्ज करा. ती 1986 नंतर सरकलीच नाही. आपल्याकडं निवडणूक आली की सरकते, तिकडं गोठली. दोन्हीकडं माणूस लटकलेलाच.

(आमच्याकडं 1993 पासून दारूबंदी आहे. त्यावर मी काही लिहीत नाही, घरात सगळे वाचतात.)

वऱ्हाडी झटका:
😂 आमच्या वर्ध्याले तं त्याच्याही पहिलेपासून बंदी हाये. पत्ता पाह्यजे का?

मास्तर (निवृत्त):
हसा. चंद्रपूरला 2015 ला बंदी केली, 2021 ला उठवली. पाळता येत नसेल तर उठवा, एवढा प्रामाणिकपणा मला चालतो. पण पुस्तकात ठेवायचा आणि मनात येईल तेव्हा एखाद्याच्या मानगुटीवर बसवायचा, हे नको. झालं, एवढ्यापुरतं त्या पुसदच्या ताईंचं मला पटलं. झटक्याचं नाही.

धुऱ्यावरून:
ठीक. मास्तरही तिकडं गेले म्हटल्यावर मी एकटाच खलनायक. मालकापासून सुरुवात करा, पंधरा-वीस वर्षं राहिलेल्याला एकदाचे कागद द्या, घ्या, तुमचं झालं. पण काल शिरलेला माणूस आणि माझा भाचा एकाच मापानं मोजणार असाल तर मी ते मरेपर्यंत मानणार नाही.

वऱ्हाडी झटका:
भाच्याचं दुःख समजते भाऊ. पन माह्या सवालाचं उत्तर अजून आलं नाई.

धुऱ्यावरून:
अडीच एकरांत आहे. बिल नाही.

माहेर पुसद:
उगवलं का दादा?

धुऱ्यावरून:
आज नववा दिवस. अजून पाहायला गेलो नाही.