एकवीस दिवसांत सवय लागते म्हणे! कोट्यवधी नोंदी काय सांगतात?

चिकित्सक: ‘एकवीस दिवस नेटाने करा, सवय लागेल’ हे ऐकून कान किटले. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठातले वर्तनवादी अर्थशास्त्राचे प्राध्यापक कॉलिन कॅमरर आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली याचा छडा लावला, तोही प्रश्नावली न वाटता. जिममधल्या हजेरीच्या १ कोटी २० लाखांवर नोंदी आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या ४ कोटी, सगळ्या मशीन लर्निंगमधून, म्हणजे संगणकाला नोंदींतले नमुने ओळखायला शिकवून, चाळल्या. जिमची सवय जडायला महिने लागतात, हात धुण्याची काही आठवड्यांत जडते. सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाहीच. आता शे-दोनशे विद्यार्थ्यांना खोलीत बसवून केलेले प्रयोग पुरे झाले.

तिरकस: थांबा. तिथे सवय म्हणजे काय धरलंय? माणूस कधी येणार हे संगणकाला अचूक ओळखता आलं, की झाली सवय! सोमवारी-बुधवारी मुलाला क्लासला सोडून शेजारच्या जिममध्ये तासभर घालवणारी आई घड्याळ लावावं इतकी नेमाने येते. ती सवय की सोय? क्लास बंद झाला की कळेल. नोंदीत फक्त वेळ असते, कारण नसतं.

चिकित्सक: मान्य, पण कारण विचारलं तर माणसं खरं सांगतात का? मी स्वतः डॉक्टरांना ‘रोज चालतो’ असं सांगून आलोय.

जुना वाचक: याच कॅमरर यांचा १९९७चा निबंध आठवतो. न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले मनाशी दिवसाचा आकडा ठरवतात, तो गाठला की घरी जातात. म्हणजे चांगल्या कमाईच्या दिवशी उलट लवकर थांबतात. पुरावा काय, तर थोड्याशा फेऱ्यांच्या कागदी नोंदी. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ हेन्री फार्बर यांनी २००९ ते २०१३ मधल्या फेऱ्यांचा प्रचंड विदा (डेटा) तपासला आणि २०१५ साली लिहिलं की कमाई चांगली असली की बहुतेक जण जास्त वेळ गाडी चालवतात. पावसात टॅक्सी मिळत नाही, ती चालक दिवसाचा आकडा लवकर गाठून घरी जातात म्हणून, असंही नाही, कारण पावसात तासाची कमाई वाढतच नाही!

चिकित्सक: बघा, नोंदींच्या मोठ्या साठ्यानेच चूक पकडली.

तिरकस: पकडली. पण फार्बरनी नेमकं काय तपासायचं, हे त्या कागदी नोंदींमुळेच ठरलं ना?