शब्दचर्चा: 'फ्री-रेंज अंडी'ला मराठीत काय म्हणावं? आणि कोंबड्या कोंडल्यावरही तेच म्हणावं का?

विचारणा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी वाणसामानाच्या लेबलांची छोटी पुस्तिका करते आहे. अंड्यांपाशी अडले. तिथल्या अंड्यावर '१यूके' असा शिक्का असतो. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ फ्री-रेंज (दिवसा बाहेर सोडलेल्या), २ बार्न (पिंजऱ्याविना, पण शेडच्या आतच), ३ पिंजरा. मी १ समोर 'मोकळ्या कोंबड्यांची अंडी' लिहून टाकलं होतं.

मग बर्ड फ्लूचं कळलं. हिवाळ्यात स्थलांतर करणारी रानबदकं आणि हंस हा विषाणू घेऊन येतात, त्यामुळे कोंबड्या आत ठेवण्याचा सरकारी आदेश निघतो. २९ नोव्हेंबर २०२१ ला असा आदेश ब्रिटनभर लागू झाला. कोंबड्या आत असूनही १६ आठवडे जुनं लेबल चालायचं. ती मुदत २१ मार्च २०२२ ला संपली, तशी तीच अंडी 'बार्न' म्हणून विकावी लागली. २ मे रोजी आदेश उठला. मग डिसेंबरात माझं 'मोकळ्या' खरं होतं का?

उत्तर १

'मोकाट' मात्र घेऊ नका. मोकाट गुरं, मोकाट कुत्री म्हणजे धनी नसलेली, उपद्रवी. 'गावरान'ही नको. तो जातीचा आणि चवीचा शब्द आहे. गावरान कोंबडी डालग्याखाली झाकली तरी गावरानच राहते, आणि तिकडच्या फ्री-रेंज कोंबड्या बहुतेक संकरित असतात.

उत्तर २

आमच्याकडे कोंबड्या 'चरायला सोडतात'. आजी सकाळी खुराड्याची फळी सरकवायची आणि सगळ्याजणी उकिरड्याकडे पळायच्या. दिवेलागणीला परत आल्या की मोजून आत. 'चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी' म्हणा. 'रेंज' म्हणजे चरायची जागाच की. शिवाय 'चरणारी' हे सवयीचं विशेषण आहे, त्यामुळे चार दिवस आत राहिली तरी शब्द खोटा पडत नाही.

उत्तर ३

चार दिवस ठीक, चार महिने नाही. दूध देते तोवर म्हैस दुभती, आटली की भाकड, व्याली की पुन्हा दुभती. म्हैस तीच, पण स्थिती बदलली की आपण शब्द बदलतो आणि त्यात कुणाला फसवणूक वाटत नाही. १६ आठवड्यांचा नियम मला म्हणूनच पटायचा.

आता तो नियम राहिलेला नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ही मर्यादा काढली, इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ च्या अखेरीस गेली. आदेश असेपर्यंत लेबल 'फ्री-रेंज'च राहतं. पाळणाऱ्यांची बाजूही खरी आहे: कोंबडीमागे ४ चौरस मीटर रान, कुंपण, शेडच्या भिंतीतली बाहेर जायची छोटी दारं, हा खर्च दारं बंद असतानाही चालूच असतो. पण यामुळे शब्दाचा अर्थ सरकला. तो आता कोंबडीची आजची अवस्था सांगत नाही, पाळण्याची पद्धत सांगतो. आपल्या कुक्कुटपालनाच्या माहितीत 'पिंजरा पद्धत', 'गादी पद्धत' (शेडमध्ये जमिनीवर भुशाचा थर पसरून पाळणं) आणि 'मुक्त संचार पद्धत' असे शब्द रुळलेले आहेत. यातला शेवटचा घ्या. 'पद्धत' हा शब्द तिथे हवाच, तो गाळू नका.

विचारणा करणारी

दुभती-भाकड वाचून उलगडा झाला. 'मोकळी' म्हटलं की कोंबडी आत्ता अंगणात आहे असंच ऐकू येतं, 'पद्धत' म्हटलं की तसं नाही. पण नुसता तो शब्द छापून मी गप्प बसणार नाही. या अंड्यांसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या बाईच्या डोळ्यासमोर गवतावरची कोंबडी असते, तिला खरं कळायला हवं. म्हणून असं लिहिते:

'१: मुक्त संचार पद्धतीची अंडी. एरवी या कोंबड्या दिवसा बाहेर चरतात. बर्ड फ्लूच्या साथीत सरकारी आदेशाने त्या काही महिने शेडमध्ये बंद असू शकतात.'

आता राहिला 'बार्न'. 'कोठार' म्हटलं की धान्य आठवतं, 'गोठा' म्हटलं की गाय.

उत्तर १

'शेडमधली अंडी' लिहा. पोल्ट्रीवालेही शेडच म्हणतात. पुढे एवढंच जोडा की कोंबड्या पिंजऱ्यात नसतात, शेडच्या आत फिरतात, पण बाहेर सोडत नाहीत.