मदत हवी आहे: रापणीचा व्हिडिओ गेम कसा असावा? (तुमच्या मनातला, कोणी न केलेला गेमही सांगा)

बंदरवाडी

नमस्कार मंडळी. भाची पुण्यात गेम डिझाइन शिकतेय. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून अर्धा-पाऊण तास खेळता येईल असा छोटा गेम तिला करून द्यायचाय. परवा फोनवर म्हणाली, "मामा, कोणीतरी करायला हवा होता आणि कोणी केलाच नाही, असा एखादा गेम सांग ना." तिची अपेक्षा किल्ल्याची असणार, नाहीतर भुताची. कोकण म्हटलं की बाहेरच्यांना दोनच गोष्टी सुचतात, तिसरी सुचलीच तर हापूस. मी रापण म्हटलं. तिने ते मनावर घेतलंय आणि आता अडलंय माझं, म्हणून हा धागा.

घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. एका टोकाचा दोर वाळूतल्या माणसांच्या हातात देऊन होडी बाहेर जाते, जाळं सोडत अर्धगोल फेरा मारते आणि दुसऱ्या टोकाचा दोर थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून ओढायचं. बाप्ये, बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं, सगळे. एकट्याचं हे काम नव्हे आणि जाळंही एकट्याचं नसतं. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचे.

गेममध्ये मला हे वाटेच हवेत. मासे पकडायचे गेम ढिगाने आहेत. गळ टाका, बटण दाबा, मासा पिशवीत. पण मासळी वाळूवर आल्यावर जे सुरू होतं ते मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेलं नाही. आमच्याकडे वाटे करणारा माणूस उकिडवा बसतो, हाताने तारली लोटत एकेक ढीग करतो, मग जरा मागे सरून बघतो आणि एका ढिगातले चार बांगडे उचलून दुसऱ्यात टाकतो. बोलत कोणी नाही, बघतात मात्र सगळे, आणि सगळे बघतायत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या चार बांगड्यांत अख्खा गेम आहे असं माझं म्हणणं.

भाची म्हणते, "ते सगळं ठीक, पण खेळणारा करणार काय?" दोर ओढायचा म्हणजे एकच बटण दाबत बसायचं, आणि वाटे म्हणजे भागाकार. त्यात मजा कुठून आणायची? शिवाय पाण्याचा रंग, पक्षी, वारा, भरती हे सगळं फोनच्या पडद्यावर कसं कळणार? बोली मालवणी ठेवायची की सरळ मराठी? जाणकारांनी सांगा. तुमच्या मनातला न झालेला गेम असेल तर तोही खुशाल लिहा, धागा भरकटला तरी माझी हरकत नाही.

गुराब_गलबत

काका, रापण ठीक आहे, पण आधी आरमाराचा गेम व्हायला हवा. समुद्री लढाई म्हटली की कॅरिबियन आणि तोफांचे मजले चढवलेली अवाढव्य जहाजं. आपली गुराबं आणि गलबतं उथळ पाण्यात चालणारी, खाडीत शिरणारी. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी, गलबताला मात्र वल्ही आहेत. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई. गेममध्ये नुसतं वाऱ्याचं हे घड्याळ घातलं तरी हल्ला कधी करायचा हाच मोठा डाव होतो. 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तिथपासून कान्होजी आंग्रे 1729 साली गेले तिथपर्यंत एवढा मसाला पडलाय, आणि आपण दुसऱ्यांच्या गेममध्ये एका डोळ्यावर पट्टी बांधून फिरतोय.

बंदरवाडी

वाऱ्याचं घड्याळ मी उचललं, धन्यवाद. आरमार मात्र एका पोरीच्या लॅपटॉपवर आणि अर्ध्या तासात मावायचं नाही.

पेज_आणि_लोणचा

दोर ओढणा म्हणजे एकच बटण? तुझ्या भाचीक सांग, आधी एकदा दोर हातात धर, मगे बोल. दोनय बाजूंनी एका तालार ओढूक व्हया. एक बाजू फुडे गेली की जाळा तिरक्या होता आणि मासळी निसाटता. मागच्यान दोर गुंडाळूक नाय तर फुडचो पायात अडकान पडता. आणि लाट येता तेव्हा ओढूचा नाय, लाट मागे जाता तेव्हा पाय रोवन धरूचा. ह्या सगळा गेमात घाल, मगे बघ कंटाळो येता काय.

कोड_कालवण

वरच्या प्रतिसादात भाचीचं उत्तर आलंय की. हा दोघांनी दोन फोनवर खेळायचा गेम आहे. एक डावा दोर, एक उजवा. एकमेकांचा पडदा दिसत नाही, ताल हाका मारूनच जुळवायचा. बटण एकच असलं तरी चालेल, अडचण ते कधी दाबायचं आणि कधी सोडायचं याची.

भरतीचं सोपं आहे. पंचांगवाली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची अदमासे वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. कोडमध्ये मात्र 45 ऐवजी 48 मिनिटं घ्या. पंधरा तिथी गुणिले 48 म्हणजे बरोबर बारा तास, त्यामुळे दर पक्षाला चक्र जागेवर येतं आणि वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे लहान भरती), तेही त्याच आकड्यावरून निघेल. पडद्यावर घड्याळ ठेवूच नका. कोपऱ्यात चंद्र काढा, खेळणारा शिकेल.

आता मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाला भोवणारी गोष्ट. युनिटी या गेम करायच्या इंजिनात मजकुराचा जो नेहमीचा घटक आहे त्यात देवनागरी नीट जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, त्यामुळे 'किनारा' लिहिलं की 'कनिारा' दिसतं आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. जुगाड आहेत, पण प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात ते करत बसणं म्हणजे शिक्षा. गोडो इंजिनची चौथी आवृत्ती 2023 मध्ये आली, त्यात हे मुळातच सुधारलंय. इंजिन फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे. फॉन्टला मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. इंजिन अजून ठरलं नसेल तर हे आधी तपासायला सांगा.

बंदरवाडी

तिने युनिटीतच सुरुवात केली होती. तुमचा प्रतिसाद पाठवल्यावर तिकडून नुसता कपाळाला हात लावलेला इमोजी आला.

तिकीट_वेटिंगवर

माझी मागणी छोटी आहे. कोकण रेल्वेचा गेम हवा. मार्गाचा बराचसा भाग अजून एकेरी, त्यात गणपतीच्या जादा गाड्या, वर पाऊस. कोणाला सायडिंगला टाकायचं आणि कोणाला पुढे काढायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. डब्यात मखराचं सामान घेऊन बसलेली माणसं दर दहा मिनिटांनी विचारणार, "क्रॉसिंग कोणाचं आहे हो?" एवढंच. बाकी चालू द्या.

आडवेळ

आमच्याकडे जत्रांना दशावतार असतो. रात्रभर चालतो, हातात लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं आणि पात्रं आपापली भाषणं उभ्या-उभ्या रचतात. समोरच्याने काय टाकलं त्यावर आपण काय द्यायचं हे तिथल्या तिथे. संवाद निवडायचे गेम मी बरेच खेळलोय, पण त्यात विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. इथे हार्मोनियमवाला सूर धरून बसलाय, मृदंग थांबलाय, समोर बायाबापड्या पहाटे तीनला डोळे ताणून बघतायत, आणि राक्षसाने तुमच्या राजाला असा प्रश्न टाकलाय की ज्याचं उत्तर पुराणात नाही. मला हा गेम हवाय. पडद्यामागे पेटाऱ्याजवळ बसून रंग लावायचा, स्त्रीपार्ट करणाऱ्याचं लुगडं नीट बसलंय का बघायचं, लाल जीभ लोंबवत संकासुर पुढे गेला की पोरं किंचाळतात ते आतून ऐकायचं. गुण मिळवायचे ते फक्त प्रेक्षकांच्या आवाजातून.

रापणीला याचा उपयोग असा, की तुमच्या गेममध्येही आकडे दाखवू नका. वाटे केल्यावर 'न्याय 70 टक्के' असली पट्टी वर आली तर सगळं मेलं.

गंजिफावाली

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा कोणी धड डिजिटल खेळ करेल का? 120 गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. फोनला वेळ कळतेच, तेव्हा हा नियम आपोआप लागू होईल. पानं भेट म्हणून विकली जातात, खेळणारे कमी झालेत.

मास्तरीणबाई

मी अर्थशास्त्र शिकवते, त्या बाजूने लिहिते. डेनिस मेडोज यांचा फिशबँक्स नावाचा खेळ बऱ्याच महाविद्यालयांत खेळवतात. प्रत्येक गट म्हणजे एक मासेमारी कंपनी. सगळे नफ्यामागे लागतात, होड्या वाढवतात आणि समुद्रातली मासळी संपते. धडा चांगला आहे, पण त्यात माणसं मुळातच सुटी-सुटी धरलेली आहेत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच्या उलट बाजूसाठी: सामाईक गोष्ट लोक आपापसात नियम करून नीट सांभाळू शकतात, आणि जगभर अनेक ठिकाणी सांभाळतात. तुमची रापण त्या बाजूची आहे.

भागाकार कंटाळवाणा होईल ही भाचीची भीती रास्त आहे. म्हणून मासळी मोजायला लावू नका, माणसं मोजायला लावा. आज वाटे कसे पडले त्यावर उद्या दोराला किती हात येतील ते ठरू दे. आणि हे तिने सांगायचं नाही. सकाळी वाळूवर नेहमीची म्हातारी दिसली नाही की खेळणाऱ्याला कालचा ढीग आठवेल. हात कमी झाले की जाळं जड, जाळं जड की ताल चुकतो, ताल चुकला की मासळी निसटते. तारली टोपलीभर आणि इसवण (सुरमई) एकच आली, तर ती कोणाच्या ढिगात, असे दोन-तीन पेच घातले की पुरे. शिवाय जो ओढायला आला नाही पण ज्याच्या घरी काही नाही, त्याला द्यायचं का? हा प्रश्न सोडवून देऊ नका.

चकवा

सगळे एवढे गंभीर का झालेत? कोकणातला भुतांचा गेम पाहिजे! आचऱ्याची गावपळण घ्या. अख्खं गाव गुराढोरांसकट तीन रात्री वेशीबाहेर. आणि एकटा खेळणारा आत राहिलाय.

आडवेळ

गावपळणीत लोक वेशीबाहेर राहुट्या ठोकून मजेत असतात, रात्री भजनं रंगतात. गेम करायचाच तर बाहेरचा करा. रिकाम्या गावात टॉर्च घेऊन फिरायला लावणारा हजार वेळा झालाय, फक्त गावाचं नाव बदलायचं. आणि देवाचा कौल घेऊन होणारी गोष्ट आहे, आधी गावकऱ्यांना विचारा.

खाडीपलीकडे

पर्ससीनचं, म्हणजे यांत्रिक बोटींच्या त्या मोठ्या घेर घालणाऱ्या जाळ्यांचं, काय करणार? आजची रापण दाखवायची आणि ते गाळायचं, हे पटत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, 1981 पासून कायदा आहे, आणि तरी भांडण कुठे होतं ते बंदरावर सगळ्यांना माहीत आहे.

बंदरवाडी

गाळणार नाही. भाषण मात्र नको. मी तिला सुचवलंय की रात्रीच्या दृश्यात क्षितिजावर दिवे दिसावेत, आधी एक, काही दिवसांनी रांग. ज्या दिवशी रांग मोठी त्याच्या दुसऱ्या दिवशी जाळं हलकं. कोणी काही बोलायचं नाही. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते तेव्हा गेममध्येही समुद्र बंद, नुसतं जाळं विणायचं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा सुरू.

भाषेचं राहिलं. मालवणी ठेवली तर पुण्यातल्या परीक्षकांना कळेल का?

कोड_कालवण

नेव्हर अलोन नावाचा गेम 2014 मध्ये आला. अलास्कातल्या इनुपियाक लोकांबरोबर बसून केलेला. त्यातली गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगितली जाते आणि खाली अक्षरं येतात. जगभर लोकांनी खेळला, कोणाचं अडलं नाही. बोलणं मालवणीत, खाली मराठी. आवाज मात्र गावातल्याच माणसांचे घ्या. पुण्याच्या स्टुडिओत केलेली मालवणी पहिल्या वाक्याला पकडली जाते.

पेज_आणि_लोणचा

आवाज मी देतंय. पैशे नको, नाव घाल.

मास्तरीणबाई

कोड लिहायच्या आधी कागदावर खेळून बघा. तारलीला चिंचोके, बांगड्याला गजगे, इसवणीला एक नारळ. पाच-सहा जण बसवा, एकाला वाटे करू द्या, बाकीच्यांनी प्रत्येक फेरीनंतर पुढच्या फेरीला थांबायचं की उठायचं ते ठरवायचं. एका संध्याकाळी कळेल दम आहे की नाही ते.

बंदरवाडी

खेळलो. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून. गजगे मिळाले नाहीत, सुपाऱ्या घेतल्या. वाटे करायला शेजारच्या पानवाल्याला बसवलं, तर त्याने पहिल्याच फेरीत नारळ स्वतःकडे ठेवला आणि म्हणाला, "होडी माझी ना?" दोघे उठले. तिसऱ्या फेरीला त्याच्याकडे ओढायला एकच माणूस उरला, तोही त्याचा मेव्हणा. मग त्याने नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. नियमात हे कुठेच नव्हतं. भाची व्हिडिओ कॉलवर होती, तिने ते लिहून घेतलं. इसवण कापून वाटता यायला हवी, असं आता ठरलंय.

एक मदत अजून हवी आहे. वाटे पाडायची रीत प्रत्येक बंदरावर थोडी-थोडी वेगळी असते. वेंगुर्ला, देवगड, मालवणच्या आसपासच्या वाड्या, जिथे-जिथे रापण लागते तिथल्या मंडळींनी लिहा: जाळ्याला किती, होडीला किती, पोरांना काय, आणि उशिरा येऊन शेवटचे दोन हात लावणाऱ्याला काय. शेवटचं विशेष सांगा, कारण दुकानात त्यावरूनच सगळ्यात जास्त वाद झाला.

खाडीपलीकडे

आमच्याकडे दोराला हात लावला की कालवणापुरती मिळतेच, उशिरा आला तरी. बाकी हिशेब घरी विचारून उद्या लिहितो. आमच्या आजोबांना फोनवर ऐकू येत नाही, समोर बसूनच विचारावं लागेल.