मदत हवी आहे: सगळे तारे विझल्यावर ऊर्जा कुठून आणायची?

कल्पक_कोथरूड: दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. संपादकांचे फोनवर फोन येतायत. तारे विझलेत, संस्कृती टिकून आहे, इथवर झालं. पण ती जगते कशावर, इथे घोडं अडलंय. लवकर सांगा. 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

भटका_धूमकेतू: सगळे म्हणजे लाल बटू, ते छोटे मंद तारेसुद्धा? सूर्याकडे अजून साधारण ५०० कोटी वर्षं आहेत, छोटे लाल बटू लाखो कोटी वर्षं मिणमिणत राहतील. कथा घडते कधी?

कल्पक_कोथरूड: सगळे हो! काळाचं नंतर बघू, ऊर्जा सांगा.

जुनाजाणता: कृष्णविवर घ्या, पण गरगर फिरणारं. भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज यांची युक्ती: विवराला लागून बाहेर एर्गोस्फिअर असतं, तिथे अवकाशच विवराबरोबर ओढलं जातं. त्यात वस्तू सोडायची, तिथे तिचे दोन तुकडे करायचे. एक आत पडतो, दुसरा मूळ वस्तूपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येतो. कमाल वेगाने फिरणाऱ्या विवराच्या वस्तुमानापैकी २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी काढता येते. ताऱ्यांसारखं हायड्रोजनचं हेलियम करून जेमतेम ०.७ टक्का सुटते.

झोपाळू_नागपूरकर: मिळकत कशाला वाढवताय, खर्च कमी करा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांची कल्पना, १९७९. विश्व थंडावेल तसं आपणही थंड व्हायचं, विचार सावकाश करायचे, मधे लांबच लांब झोपा काढायच्या. मोजक्या ऊर्जेत अनंत विचार!

जुनाजाणता: १९९८ नंतरही डायसन? विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे तेव्हा कळलं, आणि तसं म्हटल्यावर विश्वाचं तापमान एका मर्यादेखाली उतरतच नाही. क्राउस आणि स्टार्कमन या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावरच बोट ठेवलं. शिवाय झोपेतून उठायला गजर लागतो, आणि गजरालाही ऊर्जा लागते.

झोपाळू_नागपूरकर: अनंतकाळ मागितलाय कुणी? त्यांना कथेपुरतं हवंय.

श्रद्धा_संगमनेर: आपल्याकडे हे आधीच सांगितलंय. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्रही तेवढीच.

भटका_धूमकेतू: ताई, तेवढ्यात आपला सूर्यसुद्धा विझत नाही.

पेठेतला: नारळीकर सर ज्याच्या बाजूने होते त्या स्थिर स्थिती सिद्धान्तात विश्व म्हातारं होतच नाही. कथेचा पायाच चुकलाय.

जुनाजाणता: १९६५ साली पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे महास्फोटाची उरलेली ऊब, सापडलं तेव्हापासून तो सिद्धान्त अडचणीत आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा.

कल्पक_कोथरूड: लोकहो, कृष्णविवर नक्की! पण ते आटतं ना? आणि आजी रोज चुलीवर भाकरी करते, तेवढी उष्णता हॉकिंग प्रारणातून, म्हणजे विवर स्वतःच सोडतं आणि ज्यामुळे ते आटतं त्या प्रारणातून, मिळेल का?

जुनाजाणता: कुठली आजी??

कल्पक_कोथरूड: नायिका. ती आणि नात. साधी माणसं आहेत.

जुनाजाणता: हे आधी नाही का सांगायचं! हाडामांसाची माणसं म्हणजे डायसन बाद, अंग ३७ अंशांवर ठेवावं लागणार. हॉकिंग प्रारण विसरा. सूर्याएवढ्या विवराचं तापमान एका केल्विनच्या कोट्यंशाहूनही कमी, त्यावर भाकरी काय, काहीच शेकत नाही. पेनरोजच वापरा. आटण्याची काळजी नको: तेवढं विवर संपायला १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं, सगळ्यात महाकाय विवरांना १ वर १०० शून्यांच्या घरात. फिरणं मात्र त्याआधीच वापरून संपेल.

झोपाळू_नागपूरकर: नातीला तरी झोपवा.

भटका_धूमकेतू: आणि भाकरीचं पीठ? ज्वारीला प्रकाश कुठला?

पेठेतला: हल्ली दिवाळी अंकवाले मानधन देतात का?