रेडफील्ड प्रॉक्टर: खाण, पाणी आणि रूळ

रेडफील्ड प्रॉक्टर यांची ओळख सहसा 'अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे गव्हर्नर आणि सिनेटर' अशी करून दिली जाते, ती बरोबरच आहे. पण मला त्यांचा संगमरवराचा धंदा जास्त मोठा वाटतो, म्हणून थोडी भर घालतो.

१८६९-७० च्या सुमारास व्हरमाँटमधल्या सदरलँड फॉल्स या गावातली अडचणीत आलेली संगमरवराची कंपनी त्यांच्या ताब्यात आली. शिक्षणाने ते वकील, त्याआधी अमेरिकन यादवी युद्धात कर्नल. ऑटर क्रीक नदीच्या धबधब्यावर दगड कापायची गिरणी चालायची. बिनदाती लोखंडी पाती दगडावर पुढेमागे घासायची, वरून वाळू आणि पाण्याची धार चालू. खरं कापायची ती वाळू! एकेक ठोकळा चिरायला किती धीर लागत असेल.

१८८० मध्ये शेजारची रटलंड मार्बल कंपनी जोडून त्यांनी व्हरमाँट मार्बल कंपनी उभी केली. पण दगड जड, बैलगाड्यांवर किती भागणार? म्हणून कंपनीने क्लॅरेंडन अँड पिट्सफर्ड ही स्वतःची छोटी रेल्वेच टाकली, खाणीपासून गिरणीपर्यंत आणि पुढे मोठ्या लोहमार्गाला जोडून. माझ्या मते धंद्याची खरी ताकद या जोडणीत होती. १८८६ मध्ये सदरलँड फॉल्सच्या जागी प्रॉक्टर नावाचं स्वतंत्र गावच झालं.

मात्र गाव, घरं, दुकान, सगळंच कंपनीचं असलं की मजुराने तक्रार कुणाकडे करायची? इटलीतल्या काराराहून आलेल्या कारागिरांबद्दलही कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.